घराला किती ऊब लागते

लेहतोवारा, २१ ऑगस्ट २०१०

टाइस्तो,

'प्रिय' लिहावं की नाही याचा विचार करता करता कॉफी गार झाली, म्हणून नुसतंच नाव. पुढेमागे काय हवं ते तू मनातल्या मनात जोडून घे.

काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच सांगते. नाहीतर तुला वाटायचं, थोरली बहीण म्हातारपणी मऊ पडली. बाबांच्या मागे घर अजून तिघांच्या नावावर आहे: आई, मी आणि तू. घरात काही मोठं बदलायचं तर तिघांच्या सह्या लागतात. आईची आणि माझी झाली आहे. तुझी सोबतच्या कागदावर, जिथे पेन्सिलने फुली मारलीय तिथे.

बदलायचंय ते तळघरातलं तेलाच्या बॉयलरचं धूड. बाबांनी बसवलं तेव्हा तू अजून स्वीडनला गेला नव्हतास, दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं होतंत. आता ते खोकतं, काजळी ओकतं, आणि तेलाचा टँकर दारात आला की मी आधी बिलाचा आकडा विचारते. गावात निम्म्या लोकांनी अंगणात बोअर मारून पंप बसवलेत. खाली खडकात जी जराशी ऊब असते ती हा पंप ओढून घेतो आणि रेडिएटरच्या पाण्यात सोडतो. कसं, ते मला विचारू नकोस. तू कारखान्यात जन्म काढलास, तुलाच कळेल.

आई बरी आहे. सत्त्याऐंशी झाली. कान गेलेत, पण स्वतःला हवं ते तिला बरोबर ऐकू येतं. रोज माझ्याआधी उठते, मोठ्या खोलीतली विटांची पावाची भट्टी पेटवते, मग मला कॉफीला हाक मारते. तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, "त्याला विचार, तिकडे थंडी पडली का." ऑगस्ट महिन्यात. मी म्हटलं विचारते. तर विचारलं.

बारा वर्षांपूर्वीचं मला उकरून काढायचं नाही. तू म्हणालास, घर विकून टाकू, आईला काजानीत लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये ठेवू. मी म्हणाले, ज्याला घर नको त्याने घरी येऊ नये. रागात माणूस बोलतं. तूही एरवी कधी माझं ऐकलं नाहीस, नेमकं तेवढंच ऐकलंस.

सही करून पाठव.

राकेल


लेहतोवारा, ३ ऑक्टोबर २०१०

टाइस्तो,

कागद मिळाला. सही आहे. पाकीट उलटं करून झटकूनही पाहिलं, दुसरं काही नव्हतं. असू दे, सही तर सही.

पंपाचं माप घ्यायला तोलोनेन येऊन गेला. आपल्या शाळेतल्या तोलोनेनचा धाकटा मुलगा, कान तसेच बाहेर आलेले. फार नेटका माणूस आहे. म्हणे, "लोक म्हणतात जरा मोठाच द्या, उपयोगी पडेल. अहो, पोराचे बूट आहेत का? घर काही वाढत नाही." शेजारच्या मार्ताच्या मुलाने त्याचं ऐकलं नाही, दुप्पट मोठा घेतला. आता तो सारखा चालू होतो, बंद होतो, चालू होतो, बंद होतो. असा पंप लवकर मरतो म्हणे. मला ते पटलं. लागतं तेवढंच घ्यावं, जास्त नको, कमीही नको.

घर किती ऊब खातं ते काढायची रीत सोपी आहे. वर्षाला तेल किती जाळलं ते विचारायचं आणि त्यावरून पंप ठरवायचा. मी आकडा सांगितला तर तो पेन थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "एवढ्या जुन्या लाकडी घराला एवढंसंच तेल? भिंतीत भरलंय तरी काय?" मी म्हटलं, "आमच्या बाबांनी भुसा भरलाय. ठासून." खरं सांगते, माझी मान ताठ झाली.

मग गंमत ऐक. त्याने विचारलं, "दुसरं काही जाळता का, घर तापवायला?" मी म्हटलं नाही. तेव्हा तो भट्टीशेजारच्या बाकावर बसला होता, शर्टाच्या बाह्या दुमडून, कपाळाचा घाम पुसत. हातात आईने तेव्हाच काढलेली जवाची भाकरी, लोणी वितळून मनगटावर ओघळत होतं. त्याने हनुवटीने भट्टी दाखवली. "आणि ही?"

"ती पावाची."

"काय हो आजी?"

"पावाचीच की," आई म्हणाली. "घराला बॉयलर आहे ना. तू खा. पोटाला सांभाळणारं कोणी नाही वाटतं तुला."

चार खाऊन गेला, दोन कागदात बांधून नेल्या. वर म्हणतो, तुमच्याकडे माप घ्यायला रोज यायला हवं.

शेवटी ठेवलेली गोष्ट आता सांगते. आई गेल्या आठवड्यात पडली. लाकडाच्या खोपटाच्या पायरीवर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, काजानीला नेऊन ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चालेल, पण दोनेक महिने तिथेच राहून चालायला शिकावं लागेल. तिचं एकच पालुपद, "घरी कधी नेतेस?" मी सांगितलंय, नवा पंप सुरू झाला, घर छान तापलं, की लगेच नेते. म्हणजे घाई आता पंपवाल्यांनी करायची आहे.

हॉस्पिटलचा नंबर पाठीमागे लिहिलाय. फोन कर. कानाशी धरून मोठ्याने बोल.

राकेल


लेहतोवारा, २४ ऑक्टोबर २०१०

टाइस्तो,

भट्टी काढून टाकली. एका दमात सांगितलं, कारण हळूहळू सांगितलं तरी तू तेवढाच चिडणार.

कारण असं की पंपाचं कपाट माणसाएवढं उंच असतं आणि आपल्या तळघरात तू बाराव्या वर्षापासून वाकून उतरायचास. वर दुसरी जागा नव्हती. भट्टीने मोठ्या खोलीचा चौथा हिस्सा अडवला होता. शिवाय तिला मागच्या बाजूने तडा गेला होता, आज ना उद्या धोकाच होता.

आता तिथे पांढरं स्वच्छ कपाट उभं आहे, घुर्र घुर्र करतं, मांजर असल्यासारखं. बाजूला ओटा केला, विजेचा ओव्हन घेतला, खिडकीतून सगळीकडे उजेड येतो. भिंतीवर काजळी नाही, जमिनीवर राख नाही. आईने जन्मभर त्या धुरात डोळे चोळले. आता बटण दाबायचं, पाव भाजायचा. तिला मी अजून काही बोलले नाही. आल्यावर बघू दे.

फोडायला ओस्कारी गवंडी आला होता. त्याच्याच बापाने ती बांधलेली. पहिली वीट काढायच्या आधी हातोडा खाली ठेवून म्हणाला, "हिल्याला, तुझ्या आईला, विचारलंस का?" मी म्हटलं, "तू आपलं काम बघ." मग दिवसभर त्याने कॉफीसुद्धा बाहेर पायरीवर बसून घेतली. धड विटा गोठ्यात रचून ठेवल्यात. मी हातात घेतल्या तेव्हा मधल्या विटा मला कोमट वाटल्या. आई हॉस्पिटलात गेल्यापासून भट्टी पेटलेली नव्हती. ओस्कारी म्हणाला, तुझ्याच हातांची ऊब असेल.

आई विचारत होती, तुझा फोन आला होता का. तिला आठवत नाही की आला नाही, ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "लागत नसेल, आई."

राकेल


लेहतोवारा, ६ डिसेंबर २०१०

टाइस्तो,

आज आपल्याकडचा स्वातंत्र्यदिन, खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्यात. तुमच्या स्वीडनमध्ये लावत नसतील.

आई गेल्या महिन्यात घरी आली. चालण्याची चौकट पुढे सरकवत आत आली आणि मोठ्या खोलीच्या मधोमध थांबली. कोट काढला नाही. मी तिला पंप दाखवला, ओव्हन दाखवला, नळाचं गरम पाणी दाखवलं. तिने सगळं बघितलं. मग म्हणाली, "छान आहे. राकेल, मी बसू कुठे?"

टेबलाभोवती सहा खुर्च्या आहेत. मी म्हटलं, "कुठेही बस की."

"कुठेही कुणी बसतं का, पोरी?"

ती रडली नाही, ओरडली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी चार उत्तरं देऊन मोकळी झाले असते. तुला माहीतच आहे, मला उत्तरं लगेच सुचतात.

बाकी थंडी लवकर आली आहे. बाहेर उणे पंचवीस. रेडिएटर कोमट आहेत. तेलाच्या बॉयलरचं पाणी हाताला चटका द्यायचं, याचं पाणी बाळाच्या अंघोळीला चालेल असं. तोलोनेन फोनवर म्हणाला, असंच असतं, कोमट पण अखंड, जरा दम धरा. दम धरलाय. घरात सोळा-सतरा. मी दोन स्वेटर घालून आहे, त्यात काय मोठंसं.

आईने मात्र नवंच काढलं. आठवडाभर राहिली आणि मग सॉनाच्या न्हाणीघराच्या पुढच्या खोलीत राहायला गेली. अंगण ओलांडून, चौकट बर्फातून ओढत. तिथे ती जुनी लोखंडी चूल आहे, लाकडं टाकली की खोली लगेच तापते. एक खाट, एक बाक, एक खिडकी. मी म्हटलं, "आई, लोक काय म्हणतील? मी तुला घराबाहेर काढलं म्हणतील." तर म्हणाली, "लोकांना सांग, म्हातारी अंघोळीला गेलीय." तिला बदल हवा होता, दुसरं काही नाही. हॉस्पिटलात राहून माणसाला तसं होतं.

नाताळला येणार असशील तर आधी कळव. वरची खोली पंपाच्या हिशेबात धरलेली नाही, पांघरुणं लागतील.

राकेल


लेहतोवारा, १६ जानेवारी २०११

टाइस्तो,

तुझं कॉफीचं पार्सल आईला पोचलं. चिठ्ठी नव्हती, पण पत्त्यावरचं अक्षर तिने बोट फिरवून ओळखलं. मला एक कप दिला. एकच.

भट्टीला तडा नव्हता. हेही सांगून टाकते, की जागा होती. ओसरीलगतची छोटी खोली तोलोनेनने स्वतः दाखवली होती, कपाट तिथे आरामात मावलं असतं. तिथे माझं शिवणाचं मशीन आहे. आणि मला उजेडाची स्वयंपाकखोली हवी होती. मी एकसष्ट वर्षांची आहे, शाळेच्या मुदपाकखान्यात तीनशे पोरांचं जेवण माझ्या हुकमाने शिजतं, आणि घरी मी आईच्या स्वयंपाकघरात कांदा चिरून देणारी मुलगी. एकदा तरी माझं स्वयंपाकघर असावं, एवढंच वाटलं. ती हॉस्पिटलात होती म्हणून जमलं. समोर असती तर माझी तोंड उघडायची छाती नव्हती.

परवा तोलोनेन येऊन सगळ्या खोल्यांत थर्मामीटर ठेवून बसला. पंप तपासला, बोअर तपासलं, काही बिघाड नाही. पंपाच्या पोटात कडक थंडीसाठी पाणी तापवणारा विजेचा जादा दांडा असतो, तो लावला की आपल्या घराचा मेन फ्यूज उडतो. तो डोकं खाजवत होता. मग ओव्हनसमोर उभा राहून म्हणाला, "इथली भट्टी मागच्या हिवाळ्यात केव्हा केव्हा पेटायची?"

"सकाळी."

"रोज?"

"रोज. थंडी कडक असली की संध्याकाळीही."

"एवढा पाव कोण खातं तुमच्याकडे?"

"पाव आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस ती नुसतीच पेटवायची. विटा गार पडू देऊ नयेत म्हणायची."

तो खुर्चीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "मी विचारलं होतं."

"मी उत्तर दिलं होतं," मी म्हटलं.

"माझी आईसुद्धा रोज पेटवते. मलाही ती पावाचीच वाटते. कुणाला विचारा या गावात." मग कागदावर बराच वेळ आकडेमोड केली. "बाई, घर तापवत होत्या तुमच्या आई. तेल नुसतं वरची कसर भरून काढत होतं, म्हणून एवढंसं लागायचं. पंप हिशेबाप्रमाणे बरोबर आहे. हिशेबात त्या धरल्या नव्हत्या, एवढंच."

मोठा पंप आणि आणखी एक बोअर उन्हाळ्याशिवाय होत नाही. ओस्कारीला विचारलं, भट्टी परत बांधशील का. तो म्हणाला, बांधीन, पण गोठलेल्या विटांनी नाही. जूनमध्ये बांधायची, शरदात बारीक बारीक जाळ करून वाळवायची, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात धड पेटेल. मी आईला जाऊन सांगितलं, "उन्हाळ्यात बांधून देते." ती म्हणाली, "बांध. पण तुझ्यासाठी बांध, मला ही चूल पुरते. माझ्या मापाची आहे."

मी सकाळी आणि दुपारी तिला लाकडं नेऊन देते. आमचं बोलणं असं: "लाकडं आणली." "ठेव." त्यात बिघडलं काहीच नाही.

तू फेब्रुवारीत येऊ शकशील का? ये असं म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही, ते एकदा म्हणून झालंय. आई काही विचारत नाही, पण कॉफीची रिकामी पाकिटं फेकू देत नाही.

राकेल


लेहतोवारा, १७ एप्रिल २०११

टाइस्तो,

तू आलास. काजानीच्या हॉटेलात उतरलास, घर गार आहे म्हणून. बरोबर केलंस, गारच होतं. दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफीच्या वेळी तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तू रोज त्या घरात होतीस. घर आई तापवतेय हे तुला कळलं नाही?" मी तुझ्या हातात कप दिला आणि मार्ताकडे वळले. मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आता सुचलंय. नाही कळलं. मी उठायचे तेव्हा घर गरम असायचं. लहानपणापासून एकसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही मी गार घरात उठले नाही. जो गरम घरात उठतो त्याला वाटतं घर असंच असतं. तूही अठरा वर्षं त्याच घरात उठलास, तुला कळलं होतं का? हे भांडायला विचारत नाही. खरंच विचारतेय.

आणखी एक आहे, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण दुसरं कोणी ते ऐकून माझ्यावर चिडणार नाही.

फेब्रुवारीतला तो आठवडा, उणे पस्तीसच्या खाली गेलेला. शाळा चालू होती, पण पोरं निम्मीच येत होती. दुपारी अंधारून यायला लागलं तेव्हा मी लाकडं घेऊन आईकडे गेले. तिने खाटेवर अंग टाकलं होतं, गालांवर लाली होती, चुलीवर कॉफी उकळत होती. म्हणाली, "थोडी बस, राकेल. इथे ऊबदार आहे." तिने पाय आखडून खाटेवर जागासुद्धा केली.

मी म्हटलं, "पंपाचा लाल दिवा लागलाय, बघायला हवं."

पंपाकडे बघून काही होत नाही, टाइस्तो. तो बघितला तरी तेवढाच चालतो. मी घरी आले आणि कोट घालून त्या पांढऱ्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. मला राग होता. तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नव्हता त्याचा राग, आणि तिची खोली माझ्याशिवाय गरम होती त्याचा. मला वाटलं, उद्या बसेन. जरा अजून ताणते, मग उद्या बसेन.

सकाळी लाकडं घेऊन गेले तर चुलीत निखारे होते, खोली अजून गरम होती, आणि आई गेली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलं नसेल. पाय तिने तसेच आखडून घेतलेले होते.

तू येणार आहेस की नाही ते तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. तू फेब्रुवारीचं तिकीट काढलं होतंस आणि कामामुळे पुढे ढकललंस, हे मला मार्ताकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस. सांगू नकोस, मला समजतं ते.

काल तोलोनेन आला होता, न बोलावताच. उन्हाळ्यात मोठा पंप स्वतःच्या खर्चाने बसवतो म्हणाला. मी नको म्हटलं. बर्फ वितळायला लागलंय, घरात सगळीकडे एकवीस आहे, वरच्या तुझ्या खोलीतसुद्धा. मी त्याला थर्मामीटर दाखवला. म्हटलं, "बघा, पुरतोय की तुमचा पंप." चेष्टाच करायची होती, तो बिचारा फार खचलाय. पण त्याने मान हलवली. म्हणाला, "आता पुरणारच. वर्षातले बहुतेक दिवस पुरेल. पण माप बहुतेक दिवसांचं घ्यायचं नसतं, बाई. सगळ्यात गार दिवसाचं घ्यायचं असतं. त्या दिवशी जो पुरत नाही तो लहानच."

तो गेला तरी मी ओट्यापाशी उभी होते. मला आपण दोघं आठवलो. तू कॉफी पाठवत होतास, मी लाकडं नेऊन देत होते. बहुतेक दिवस आपण आईला पुरलो, टाइस्तो.

राकेल